साडभाऊच्या डब्यातली गोळी

मी माझ्या साडभाऊच्या डब्यातून एक गोळी चोरली. मागितली असती तर त्यांनी अख्खी पट्टी हातात ठेवली असती, वर पाण्याचा ग्लासही भरून दिला असता. म्हणूनच मागितली नाही.

माझं वय पंचावन्नच्या पुढं, डोक्यावर केस मोजके, चिखलीत स्वतःचं कृषी केंद्र. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी न चुकता सांगतो, "भाऊ, डब्यावरचं लेबल वाचून घ्या. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारू नका. त्याचं पीक वेगळं, तुमचं वेगळं." लोक मान डोलावतात. असा जाणता माणूस खामगावला जाऊन दुसऱ्याची गोळी खिशात घालून येतो, हे वाचून कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं. थोडं त्यासाठीच लिहितोय. बाकीचं यासाठी, की माझ्यासारखा आणखी कोणी असेल तर त्यानं वेळेवर तोंड उघडावं.

दोन स्टेंटचा माणूस

प्रभाकरराव म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे, मंदाताईंचे, यजमान. उंच, गोरे, केस अजून दाट. आमच्या लग्नात नवरदेव मी होतो, पण अल्बम पाहणारे पाहुणे आजही विचारतात, "हे कोण?" आणि बोट प्रभाकररावांवर असतं. कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर म्हणून त्यांनी नोकरी केली. यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय लागली ती घरातही गेली नाही. सासरी कुठलाही प्रश्न निघाला की "भाऊजीले विचारा." मी त्याच खोलीत बसलेलो असतो.

गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला आणि दोन स्टेंट पडले. आजारपणात माणूस खचतो असं मी ऐकलं होतं. हे वाढले. आधी नुसते थोर होते, आता मरणाच्या दारातून आलेले थोर झाले. सुनंदा दर पंधरा दिवसांनी बिनमिठाचं वरण, दुधीची भाजी, ज्वारीच्या भाकरी असा डबा बांधायची आणि एसटीनं खामगावला जायची. आल्यावर तोंडात एकच विषय. भाऊजी रोज चार किलोमीटर चालतात. भाऊजींनी चहा सोडला. भाऊजी डॉक्टरलाच इंग्रजीत प्रश्न विचारतात.

त्याच दिवसांत माझी खालची दाढ दुखायला लागली. हिरडी सुजली, गाल टम्म झाला. मी सुनंदाला दाखवली. ती म्हणाली, "लवंग ठेवा दाढेखाली." आणि डबा बांधायला गेली.

दोन स्टेंटला डबा आणि दाढेला लवंग. हेवा हा शब्द तेव्हा मला सुचला नव्हता. पोटात जळजळ व्हायची, मी तिला ॲसिडिटी समजत होतो.

खामगावची भेट

एका रविवारी सुनंदा मलाही घेऊन गेली. "बरं दिसत नाही, एकदा तरी भेटाले या," असं म्हणत. गाल धरून बसमध्ये बसलो.

प्रभाकरराव पलंगावर उशांना टेकून बसले होते. शेजारी औषधांचा डबा. साधा स्टीलचा, पूर्वी त्यात मंदाताई शंकरपाळे ठेवायच्या. मला पाहताच ते म्हणाले, "या या, बाप्पा! गालात लाडू ठेवला का?"

सगळे हसले. मीही हसलो. दुखलं.

"दाढ हाय," मी म्हणालो.

"अरे, दाढेचं काही सांगू नका! मागच्या महिन्यात मले झाली होती. आमच्या दाताच्या डॉक्टरनं अशी भारी गोळी देल्ली, दोन गोळ्यांत सूज गायब. बाकीच्या तश्याच पडल्या डब्यात. घेता का? मंदे, काढ बरं."

"नको," मी म्हणालो. "आता बरीच कमी हाय."

कमी काही नव्हती. पण ती गोळी घेतली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, 'यांची दाढ आमच्या गोळीनं बरी झाली.' पुढच्या लग्नात, पुढच्या बारशात, पुढच्या तेरवीत.

चहा झाला. मंदाताई आणि सुनंदा स्वयंपाकघरात गेल्या, प्रभाकरराव हात धुवायला उठले. डबा उघडा होता. वरच ती पट्टी होती, दोन खड्डे रिकामे. कात्री नव्हती. मी नखानं एक गोळी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नाव वाचलं नाही, तारीख पाहिली नाही. लेबल वाचायला सांगणारा माणूस!

दुकानात

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली आणि गोळी घेतली. मनात म्हटलं, बघू, मोठ्या माणसाची दाढ आणि आमची दाढ यात काही फरक आहे का.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आधी तळहातांना खाज सुटली. मग कान गरम झाले. पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे गांधी उठल्या. मी शर्टाचं बटण काढलं. ओठ जाड झाले, घशात कोणी कापसाचा बोळा कोंबल्यासारखं वाटलं. आणि मग छातीवर वजन आलं. दुखणं नव्हे, वजन. खताच्या गोण्यांची थप्पी अंगावर कलंडावी तसं. डावा हात जड, घाम असा की पायातली चप्पल घसरली.

शेजारी सलीमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी त्याला हाक मारली असं मला वाटतं. तो म्हणतो, हाक नव्हती, नुसता काउंटरवरचा काटा खाली पडल्याचा आवाज आला. धावत आला तर मी सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्यांवर आडवा.

"काका, काय झालं? काय झालं बे, बोला ना!"

मला बोलता येत नव्हतं. त्यानं आणि आणखी एकानं मला पिकअपमध्ये घातलं. त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगतो. आयुष्य डोळ्यांपुढून वगैरे काही गेलं नाही. शटर उघडं राहिलं, एवढं आठवलं. आणि सुनंदाला काय सांगायचं, हे.

चिखलीच्या दवाखान्यात त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, छातीला वायरी डकवल्या. ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टरांचा चेहरा बदलला. तोवर सुनंदा पोचली होती. पदर खांद्यावरून सुटलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"काही खाल्लं का सकाळी? काही नवीन गोळी-औषध?" डॉक्टरांनी विचारलं.

सलीम म्हणाला, "सर, यायच्या दुकानात फवारणीचं असते. परवा एक कॅन लीक झाला होता, थो यायनंच उचलला."

डॉक्टर सुनंदाकडं वळले. "घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत यांना?"

"काहीच नाही," सुनंदा ठामपणे म्हणाली. "आमचे हे गोळी घेतच नाहीत. डोकं दुखलं तरी घेत नाहीत. मले माहीत नाही का?"

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. बरोबर बोलतेय, अशी.

तोंडावर मास्क होता, बोलता आलं नाही, ही सबब मी नंतर खूप वापरली. मान हलवायला मास्क आड येत नाही. तशीच आडवीही हलवता आली असती. पण तिच्यासमोर, सलीमसमोर, 'साडभाऊच्या डब्यातून चोरली' हे सांगायचं कसं? कागदावर लिहिलं गेलं: फवारणीच्या औषधाचा संपर्क असावा. हृदयाचा झटका.

नळ्या साफ

ॲम्ब्युलन्सनं बुलढाण्याला नेलं. वाटेत श्वास मोकळा होत गेला, गांधी विरल्या, पण छातीवरची गोणी तशीच. सुनंदा माझा पाय धरून बसली होती. पायच हाताशी होता. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी घाबरलेला होतो, यात शंका नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या भीतीच्या शेजारीच एक दुसरी गोष्ट बसली होती आणि ती खुशीत होती. आता मलाही अटॅक आला. आता मलाही स्टेंट. खामगावचे दोन, आमचे कदाचित तीन.

हातातून नळी घालून तपासणी झाली. डॉक्टर बाहेर येऊन सुनंदाला म्हणाले, "चांगली बातमी आहे. हृदयाच्या नळ्या एकदम साफ आहेत. एकही ब्लॉक नाही."

सुनंदा भिंतीला टेकून रडली. आत मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं आणि, काय सांगू, मन खट्टू झालं. एकही नाही? छोटासासुद्धा? इतकं दुखून?

"मग अटॅक कशानं आला?" सुनंदानं विचारलं.

"तेच कळत नाहीये. एक-दोन दिवस आयसीयूत ठेवू," डॉक्टर म्हणाले.

मला कळत होतं. पूर्ण नाही, पण आत कुठंतरी ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो. नळ्या साफ, जीव वाचला, दोन दिवसांत घरी; कशाला उकरायचं? ज्यांना आयसीयू माहीत नाही त्यांना सांगतो, तिथं विचार करायला वेळ भरपूर असतो. सकाळी सहाला अंग पुसतात, सातला रक्त काढतात, मग दर तासाला कोणी ना कोणी येऊन नाव विचारतं. पलीकडच्या पलंगावरच्या आजोबांना मुलगी चमच्यानं पेज भरवायची आणि तोंड पुसायची. मला त्या आजोबांचाही हेवा वाटला. सुनंदाही मला भरवत होती, पण तिचं लक्ष मॉनिटरवर. आकडा खाली गेला की चमचा हवेत थांबायचा.

सिस्टर फार चांगली होती. तिनं माझ्या उशाची खोळ बदलली आणि म्हणाली, "काका, घोरता खूप. पण घोरताय तोवर आम्ही निश्चिंत असतो." त्या दोन दिवसांत कोणी माझी केलेली ही एकमेव स्तुती.

"तीच द्या"

दुसऱ्या दिवशी अंगात ताप भरला. गाल पुन्हा सुजला. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, टॉर्चनं पाहिलं आणि म्हणाले, "दाढेत पू आहे. अँटिबायोटिक सुरू करू. सलाईनमधून."

दुपारी भेटायच्या वेळेला प्रभाकरराव आले. बोथ्याच्या घाटातून, दोन स्टेंट घेऊन, हातात सफरचंदांची पिशवी. सोबत मंदाताई. दोघांना आत सोडत नव्हते, पण प्रभाकररावांना कोण अडवणार? वॉचमनशी काय बोलले देव जाणे, दोघंही आत. पायथ्याशी उभे राहून त्यांनी माझा मॉनिटर वाचला. मान हलवली. आमच्या वेळी आकडे बरे होते, असा भाव.

तेवढ्यात सिस्टर छोटी बाटली आणि सुई घेऊन आली. "काका, कशाची ॲलर्जी नाही ना?"

"नाही," सुनंदा म्हणाली.

"कायचं औषध हाय, बाई?" प्रभाकररावांनी विचारलं. सिस्टरनं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तीच! माह्या दाढेची गोळी! एकदम भारी. हेच इंजेक्शनात येते काय?"

"हो काका, तेच औषध. गोळीतही येतं," सिस्टर म्हणाली.

"मग द्या, तीच द्या! पाहा आता, दोन डोसात गाल सपाट."

माझ्या तळहाताला खाज सुटली. खरी नव्हती, आठवणीतली होती. पण मॉनिटर टूं टूं करायला लागला.

"नको," मी म्हणालो.

"काऊन नको?" सुनंदा.

"नको म्हणतो ना."

प्रभाकरराव हसले. "सुईले भेता का, बाप्पा? मले तं मांडीतून नळी घातली, मी पाहत होतो टीव्हीवर!"

सिस्टरनं माझ्या हातातल्या नळीचं टोपण उघडलं. आधी थोडं टोचून पाहू म्हणाली. थोडं! माझ्या डोळ्यांपुढं काउंटर, उदबत्ती, गोण्यांची थप्पी. त्या एका क्षणी माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. एक, मरणं. दुसरी, प्रभाकररावांच्या देखत सांगणं. आणि लाज वाटते लिहायला, मला निवड करायला वेळ लागला. सिस्टर सुई भरेपर्यंत मी विचार करत होतो.

"सिस्टर, थांबा," मी शेवटी म्हणालो. "मी तीच गोळी खाल्ली होती. सोमवारी सकाळी, दुकानात. त्याच्यानंतरच झालं हे सगळं."

"कुठून आणली?" सुनंदानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"भाऊच्या डब्यातून." आणि पुरतं सांगायचंच तर म्हणून पुढं बोललो, "न विचारता."

सिस्टरनं बाटली ट्रेमध्ये परत ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला जवळजवळ पळत गेली.

डॉक्टर आले. पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आता मी सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा खोकल्यासाठी घेतलेल्या कॅप्सूलनं अंगावर पुरळ उठलं होतं, ते मी घामोळं म्हणून सोडून दिलं, हेही आठवलं. ते खुर्ची ओढून बसले. "काही लोकांचं शरीर एखाद्या औषधावर इतकं बिथरतं की नुसती कातडी नाही, हृदयाच्या नळ्यासुद्धा आवळतात. नळ्या साफ असल्या तरी. रक्त अडतं आणि अटॅक येतो. तुम्हाला तोच आला. आज हे शिरेतून गेलं असतं, तर..." ते सुनंदाकडं पाहून थांबले.

"म्हणजे अटॅकच होता ना?" मी विचारलं.

"अटॅकच होता."

"पण ॲलर्जीचा," प्रभाकरराव म्हणाले.

मग डॉक्टर त्यांच्याकडं वळले. "आणि तुम्ही दोन गोळ्या खाऊन बाकीच्या ठेवल्या कशाला? कोर्स पूर्ण करायचा असतो. उरलेली औषधं घरात ठेवायची नसतात." प्रभाकररावांना कोणी असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ताप असूनही मला थंड वाटलं.

सुख फार टिकलं नाही. प्रभाकररावांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या पायावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माही हाय, डॉक्टरसाहेब. मी त्या फेकाले पाहिजे होत्या. आन् त्याले मीच भरीस घातलं. काही झालं असतं तं मी सुनंदाले तोंड दाखवू शकलो नसतो." त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

झालं. चोरी मी केली, खोटं मी बोललो, आणि मोठेपणा त्यांनी नेला. या माणसाच्या पुढं जायला एक जागा नाही. पण पायावरचा तो हात जड होता आणि गरम होता, आणि मी पाय काढून घेतला नाही.

घरी

दाढ पुढं दुसऱ्या औषधानं बसली आणि नंतर काढली. माझ्या पाकिटात आता एक कार्ड असतं. कोणतं औषध चालत नाही, ते त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. दाताचा, डोळ्याचा, कोणताही डॉक्टर असो, नाव सांगायच्या आधी मी कार्ड काढतो. केमिस्टकडं खोकल्याचं औषध घ्यायलाही कार्ड. लोक हसतात, हसोत. घरातल्या उरलेल्या गोळ्या सुनंदानं एका दुपारी सगळ्या काढून टाकल्या, आणि खामगावला फोन करून तिथल्याही काढायला लावल्या. ज्यांना असं एकदा अंगावर उठलं असेल, भले ते घामोळं वाटलं असेल, त्यांनी ते लक्षात ठेवावं. आणि दवाखान्यात विचारलं की सांगावं. चोरीची असली तरी.

अजून कधी तळहाताला खाज सुटली की मी गपकन खाली बसतो. बहुतेक वेळा डास असतो.

सुनंदा मात्र घरी आल्यापासून काही बोलली नव्हती. म्हणजे बोलायची, जेवा, झोपा, टोपी घाला. रागावणं बाकी होतं आणि मी त्याची वाट पाहत होतो. तिनं एकदा मनसोक्त बोलून घेतलं असतं तर मी सुटलो असतो. पंधरा दिवस झाले. शेवटी एका दुपारी ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती, मी समोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "बोल ना काहीतरी. चोर म्हण, मूर्ख म्हण."

तिनं जुडी बाजूला ठेवली नाही. काड्या वेगळ्या, पानं वेगळी करत राहिली.

"चोरीचं काही नाही," ती म्हणाली. "डॉक्टरनं मले इचारलं, घरी कोणत्या गोळ्या घेतात. मी सगळ्यांसमोर सांगतलं, काहीच नाही घेत, मले माहीत नाही का. तुमी मान हलवली. मंग सिस्टरनं इचारलं, तवाबी मीच नाही म्हणलं. माह्या तोंडानं, आहो. तुमी मेले असते तं माह्या तोंडानं मेले असते."

मी काही बोलायला गेलो. तिनं मला बोलू दिलं नाही.

"ताईले कोणी झोपेतून उठवून इचारलं ना, तं ती सांगते, भाऊजीनं सकाळी काय घेतलं, दुपारी काय घेतलं. ते तिले सांगतात." तिनं निवडलेली पानं ताटात सारखी केली. "इतक्या वर्षांत मले ताईच्या कोणत्याच गोष्टीचा हेवा वाटला नाही. त्या दिवशी वाटला."